मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या लेकीला पक्षी घरीच कसे शिकवू?

नमस्कार मंडळी, आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीला शिंजीरने (फुलांतला मध पिणारा छोटासा पक्षी) घरटं बांधलंय, लोंबतं, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेलं, त्यात वाळकी पानं, कापूस, सालीचे तुकडे, आणि लेक दिवसभर काचेमागून बघत बसते (जवळ जाऊ देत नाही, सारखं डिस्टर्ब केलं तर मादी घरटं सोडून जाऊ शकते).

परवा तिने विचारलं, हिची चोच वाकडी का? मग ग्लासात सरबत, ताटलीत शेंगदाणे, वाटीत मातीखाली शेवया ठेवल्या आणि स्ट्रॉ, पक्कड, चिमटा दिला. स्ट्रॉ म्हणजे शिंजीर, पक्कड म्हणजे पोपट, चिमटा म्हणजे मातीतले किडे टिपणारा हुदहुद. तासभर रमली हो, इतकं छान वाटलं!

आता तिला स्वतः घरटं करायचंय. नारळाच्या शेंड्या आणि चिखल वापरला, पण वाळलं की सगळं सुटतं. कुणी मुलांसोबत केलंय का, चिखलात काय मिसळायचं? आणि आवाज ओळखायला कोकीळ, भारद्वाज, दयाळ यातला कुठला आधी घेऊ? अजून काही हाताने करण्यासारखं असेल तर प्लीज सांगा, चित्रांचे चार्ट नकोत, ते ती बघतच नाही.