युरियातून पिवळी पूड कमी येते, त्याबद्दल

दहा ग्रॅम युरिया भाजून चिमूटभरच कार्बन नायट्राइड (उजेडाच्या जोरावर पाण्यातला रंग तोडणारी पिवळी पूड) मिळालं म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. युरियातून अर्धा ग्रॅमसुद्धा मुश्किलीने पदरात पडतो. बाकीचा युरिया अमोनिया, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. पण ते वायू बाहेर पडतानाच पुडीला सच्छिद्र करतात. युरियाऐवजी मेलामाइन भाजलं तर पूड भरपूर येते, पण घट्ट असते, पृष्ठफळ कमी.

आमच्या रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात युरियाच्या बाटलीत ओले गोळे होतात. मी तो आधी ८० अंशांवर रात्रभर सुकवते, मग झाकणाच्या मुशीत मिनिटाला ५ अंश चढवत ५५० वर ४ तास. झाकण हवंच, आणि भट्टी धूरकपाटाशेजारी; अमोनियाने डोळे चुरचुरतात. पोफळीच्या बागेसाठी आणलेला युरिया मात्र नको, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो.

रंग फिकट पिवळा आला की जमलं: २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा पट्टाभेद (पुडीतला इलेक्ट्रॉन उचलायला प्रकाशाकडे लागणारी किमान ऊर्जा), म्हणजे निळा प्रकाशही चालतो. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणावर पूड तपासताना आधी अर्धा तास अंधारात ढवळा, म्हणजे पुडीला नुसता चिकटणारा रंग आधीच चिकटून घेतो, आणि पूड न घातलेली एक बाटलीही उन्हात ठेवा. हा रंग नुसत्या उजेडातही विटतो.