सातेरीच्या पोळ्यात मधली घरं रिकामी: रोग की नात्यातलं मीलन?

पाटगाव_पेटी
सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) चार पेट्या, चारही एकाच वसाहतीतून विभागलेल्या. राणी भरपूर अंडी घालते, पण बंद शिशूचं (झाकलेल्या पिल्लांचं) पोळं चाळणीसारखं दिसतं. वास नाही, मेलेली अळीही नाही. थाई सॅकब्रूड (अळ्यांचा विषाणूजन्य रोग) असेल का?

भुदरगड_मधपाळ
सॅकब्रूडची अळी मोठी होऊन मरते. डोकं वर उचललेलं, अंग पाण्याच्या पिशवीसारखं. तुमच्याकडं अळीच गायब आहे, म्हणजे द्विगुणित (फलित अंड्यातून आलेल्या) नरांची शंका घ्या.

मधमाशीचं लिंग सीएसडी या एका जनुकावर ठरतं. अफलित अंड्यात त्याची एकच प्रत, म्हणून नर. फलित अंड्यात दोन वेगळी रूपं आली तर मादी. दोन्ही सारखी आली तर तोही नरच, पण कामकरी माश्या ती अळी लहानपणीच खाऊन टाकतात. राणीचंच रूप असलेल्या नराची निम्मी संतती अशी जाते. दहा नरांत चार तसे निघाले, तर साधारण २० टक्के घरं रिकामी.

खात्री करायला ताज्या अंड्यांवर पारदर्शक प्लास्टिक धरून सलग १०० घरं पेनानं खुणवा. आठव्या दिवशी तेच प्लास्टिक लावून अळ्या आणि बंद घरं मोजा. नवं अंडं दिसलं तर आधीचं गेलं असं धरा. हे फुलोऱ्यातच करा. पावसाळ्यात पराग नसला की माश्या चांगली पिल्लंही खातात आणि हिशोब चुकतो.

रंकाळा_काठ
एवढी नासाडी होत असेल तर उत्क्रांतीत ही रीत टिकली कशी?

पन्हाळा_जनुक
कारण जंगलात नासाडी फार थोडी होते. दुर्मिळ रूपाच्या नराला जुळणारी राणी क्वचितच भेटते, त्याची संतती पुरी जगते, ते रूप पसरतं; सर्रास झालं की फायदा सरतो. त्यामुळं मोठ्या संख्येत खूप रूपं टिकतात. चार बहिणी-पेट्यांत ती हरवतात.

सीएसडी मुळात फेम या जुन्या जनुकाच्या दुपटीतून आलं आणि आता फेमलाच हुकूम देतं. प्राण्यांत हे वारंवार दिसतं: खालची साखळी जुनी, वरचं बटण नवं. सस्तनांत नर ठरवणारं एसआरवाय जनुक सॉक्स३ या जुन्या जनुकातून घडलं. मगरीत तर असं बटणच नाही. अंडी ३१ अंशांपर्यंत उबवली तर माद्या, ३२.५ च्या आसपास नर. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्यात गुणसूत्र आणि तापमान दोन्ही आहेत: ३२ अंशांपुढं झेडझेड (गुणसूत्रांनी नर) पिल्लूही मादी होतं, आणि तिच्या वंशात माद्यांचं डब्ल्यू गुणसूत्र एका पिढीत नाहीसं होतं.

भुदरगड_मधपाळ
पाटगाव_पेटी, नवी राणी याच शिशूतून काढू नका. दुसऱ्या खोऱ्यातली सातेरी वसाहत आणा, तिच्या नरांची घरं कापू नका.