कॅनडात परसातली गांज्याची चार झाडं सप्टेंबरच्या पावसातून कशी वाचवावीत? (बजेट १५० डॉलर)

ग्वेल्फकर
मंडळी, नमस्कार. आधीच सांगतो: ओंटारियोत राहतो, घर स्वतःचं आहे, आणि इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरी चार झाडं लावायला कायद्याने मुभा आहे. 'पोलिसांना कळवू का' छापाचे विनोद पहिल्या पाच प्रतिसादांत उरकून घ्या.

गेल्या वर्षी झाडं मस्त छातीएवढी झाली होती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात चार दिवस झड लागली आणि घात झाला. कळी वरून हिरवीगार, पण बोटाने दाबली की आत तपकिरी लगदा, उघडून पाहिली तर राखाडी लव. निम्म्याहून जास्त माल कचऱ्याच्या पिशवीत.

जागा अशी: उत्तरेच्या कुंपणाला लागून वाफा, ऊन भरपूर, माती चिकण. मागच्या गल्लीत नगरपालिकेचा दिवा रात्रभर जळतो. ससे आहेत. बी कोणतं घ्यावं, जमिनीत लावावं की कुंडीत, आणि पावसाचं काय करावं? सगळं मिळून १५० डॉलर. ग्रीनहाऊस कृपया सुचवू नये.

ता. क. जुलैत आईबाबा पुण्याहून येताहेत. त्यांना काय सांगायचं, हाही सल्ला चालेल.

टोरांटोचे_नाना
ग्रीनहाऊस घ्या. मी ८ बाय १२ चं पॉलिकार्बोनेटचं घेतलं, पायासकट तीन हजारांच्या आत बसलं. कारली, दोडकी, सगळं होतं. बर्फाचा भारही पेलतं. फोटो उद्या टाकतो.

ग्वेल्फकर
नाना, बजेट वाचलंत का?

टोरांटोचे_नाना
वाचलं. एकदाच होणारा खर्च आहे हो.

रॉकीजवाला
ऑटोफ्लॉवर घे आणि मोकळा हो. ही जात दिवस लहान-मोठा झालाय का ते बघत नाही. बी रुजलं की नऊ-दहा आठवड्यांत खेळ खलास. मेअखेर बी टाकलंस तर ऑगस्टच्या पूर्वार्धात काढणी, सप्टेंबरचा पाऊस येतो तेव्हा माल बरणीत. आम्हा कॅलगरीकरांना तर दुसरा पर्यायच नाही. आणि आमच्याकडे गारा पडतात, मोसंब्याएवढ्या. तुम्ही पावसाला काय रडताय!

मॉन्ट्रियलवासी
चार झाडांवर चर्चा करताय, नशीबवान आहात. आम्हाला क्वेबेकात एकही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रांताची बंदी उचलून धरली. मॅनिटोबावाले आमच्यासोबत होते, त्यांनी २०२५ मध्ये बंदी उठवली. आता आम्हीच उरलो.

पेठेतला_पाहुणा
इथे पुण्यात गच्चीवर कुंडीत एकच लावलं तर कोण बघतंय? शंकराचा प्रसाद म्हणून 😀

वकीलसाहेब
बघतात. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, १९८५, कलम २०: गांज्याचं झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सुट्या पानांची भांग 'गांजा'च्या व्याख्येत बसत नाही, म्हणून झाड लावायला परवानगी आहे असा शोध लावू नये. उत्तराखंडात परवाना घेऊन लावतात ते औद्योगिक हेम्प, म्हणजे धाग्यासाठीची जात, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्यांपर्यंत. तुमची गच्ची त्यात येत नाही. प्रसाद पेढ्याचा घ्या.

बर्लिनची_बाय
जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन झाडं. आम्ही नवरा-बायको मिळून सहा लावू शकतो, लावली मात्र दोनच, बाल्कनी तेवढीच आहे. ग्वेल्फकर, तुमच्याकडेही दोघांची मिळून आठ होतील की. त्यातली निम्मी गेली तरी चार उरतात.

टोरांटोचे_नाना
बरोबर. आठ लावा.

वकीलसाहेब
बरोबर नाही. कॅनडात मर्यादा घरटी आहे, माणशी नाही. घरात दहा माणसं असोत, झाडं चारच. भाड्याचं घर किंवा कॉन्डो असेल तर करार आधी वाचावा, त्यात मनाई असू शकते.

बर्लिनची_बाय
असं होय. घ्या, आमचा देश पुढे निघाला. अवांतर: वासाचं मात्र कुणी बोलत नाहीये. ऑगस्टपासून आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी खिडक्या लावून बसायच्या. घरात लावलं तर कार्बन फिल्टर लावता येतो, उघड्यावर काय लावणार? शेजाऱ्यांशी गोड बोलून ठेवा.

सांगलीची_माती
जीवामृत द्या, दर पंधरा दिवसांनी. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. बुरशी, मावा, अळी, काही म्हणजे काही येणार नाही. वरून कडुनिंबाचं तेल फवारा. आपल्या पूर्वजांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय, आपण विसरलो.

रॉकीजवाला
ग्वेल्फात गोमूत्र कुठून आणायचं ते पूर्वजांनी सांगितलंय का?

आणि नीम ऑइल कॅनडात कीटकनाशक म्हणून नोंदलेलंच नाही. दुकानात मिळतं ते पानं चमकवायला म्हणून. कळीवर तेल फवारून मग ते ओढायचं असेल तर शुभेच्छा.

सांगलीची_माती
ओढायचं कशाला मुळात? हाच प्रश्न आहे. मी फक्त झाडाबद्दल बोललो.

तासगावकर
घरची द्राक्षबाग, सध्या नोकरी लीमिंग्टनला टोमॅटोच्या काचघरात. गांजा लावलेला नाही, ओढलेलाही नाही. पण तुम्ही वर्णन केलीत ती बोट्रायटिस, करडी बुरशी. द्राक्षाच्या घट्ट घडात आणि स्ट्रॉबेरीवर हीच येते. भुरी वेगळी, ती पानावर पिठासारखी वरूनच दिसते. ही आतून खात येते, बाहेर कळेपर्यंत कळी गेलेली असते.

तुमचं भांडण तारखेशी आहे. तासगावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दोन तासांचा फरक, ग्वेल्फला जवळपास साडेसहा तासांचा. साधी जात रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाही, म्हणजे तुमच्याकडे ऑगस्टचा पूर्वार्ध. पुढे फूल भरायला आठ ते दहा आठवडे. काढणी गेली ऑक्टोबरात. तेव्हा थंड रात्री, पहाटे दव, उन्हं वर येईपर्यंत पान ओलं. बुरशीला आणखी काय पाहिजे? त्यात फ्रॉस्टची टांगती तलवार आहेच.

म्हणून पाकिटावरची वासाची आणि ताकदीची वर्णनं सोडा, बाहेर लावल्यास काढणी कधी, तेवढं बघा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकणारी, सुटसुटीत फुलाची जात घ्या. घट्ट टपोऱ्या कळ्या फोटोला छान, पण पावसाचं पाणी आत धरून ठेवतात. जूनमध्ये शेंडा खुडा, म्हणजे झाड पसरेल. खालचं फूटभर खोड मोकळं करा, आतली काडी विरळा. दोन झाडांत चार फूट ठेवा. पाणी सकाळी, बुडाशी, आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निघून माती मोकळी झाल्याशिवाय, पुन्हा नाही.

फुलं भरायला लागली की पावसापुरतं वर प्लास्टिक ताणा, पण फक्त वर. चारी बाजूंनी गुंडाळलंत तर आत घाम धरतो आणि दोन दिवसांत काम तमाम. काचघरातही बुरशी येते नाना, आमच्याकडे पंखे उगाच फिरत नाहीत.

सप्टेंबरात रोज सकाळी एक चक्कर मारा. कळीतून डोकावणारं एकच बारीक पान अचानक तपकिरी पडलं आणि चिमटीत धरल्याबरोबर अलगद सुटून आलं, तर आत बुरशी आहे. ती कळी दोन-तीन इंच खालून कापून पिशवीत बांधायची, कात्री स्पिरिटने पुसायची, मग पुढच्या झाडाला हात. शेजारी काळे बारीक कण दिसले तर ती अळीची विष्ठा. अळी कळी पोखरते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. तिच्यासाठी बीटी (जिवाणूपासून केलेलं अळीनाशक) मिळतं. लेबल वाचून, फूल येण्याआधीच मारा.

मॉन्ट्रियलवासी
वा! धन्स. प्रतिसाद जपून ठेवला. झाड लावता येत नाही ते सोडा.

टोरांटोचे_नाना
तासगावकर म्हणतात तेच मी म्हणत होतो. वर छप्पर हवं. पॉलिकार्बोनेट उत्तम.

रॉकीजवाला
एवढी उस्तवार करण्यापेक्षा ऑटो घ्या की राव. छपराचा प्रश्नच नाही. गल्लीतल्या दिव्याचाही नाही, कारण ऑटोला रात्रीच्या अंधाराशी घेणं नाही. साध्या जातीला रात्री उजेड लागला तर फुलणं लांबतं, किंवा मादी झाडाला नर फुलं येतात आणि सगळीकडे बी धरतं.

बर्लिनची_बाय
दिव्याने काही होत नाही. आमच्या बाल्कनीसमोरच रस्त्यावरचा दिवा आहे, झाड फुललं.

रॉकीजवाला
बी धरलं होतं का?

बर्लिनची_बाय
थोडंसं.

हडसनकाठचा
मी पलीकडे न्यूयॉर्कात. एक सावधगिरीचा सल्ला, कुणी विचारलेला नसला तरी. आमच्या राज्यात कायदेशीर आहे, पण अमेरिकेच्या फेडरल कायद्याने नाही. एच-वन किंवा ग्रीनकार्डवाल्यांनी हा धागा वाचून हुरूप येऊ देऊ नये, राज्यातली मुभा इमिग्रेशनमध्ये कामी येत नाही. आणि ग्वेल्फकर, इकडे येताना गाडीत पानसुद्धा राहता कामा नये. दोन्ही बाजूंनी गुन्हा आहे.

सुगरणकाकू
आईबाबांना येण्याआधी सांगा. चेष्टा नाही करत. आमच्या मिसिसॉगाच्या शेजाऱ्यांनी लावली होती, सासूबाई कुंपणापलीकडे बघून म्हणाल्या, 'अगं, इथे अंबाडी होते आणि तू मला दुकानातून आणायला लावतेस?' पान खरंच तसंच दिसतं. त्यांनी शेजारणीकडून मूठभर मागून घ्यायचीही तयारी केली होती, लसणाची फोडणी द्यायला. नशीब, मी घरात होते. तेलात तापवलं की पानातली नशा जागी होते, म्हणजे नेमकं जे करायला नको तेच. घरात नातवंडं किंवा कुत्रा असेल तर वाफ्याला जाळी आणि दाराला कुलूप हवंच.

आणि सशांसाठीही तीच जाळी. बारीक भोकांची, दोन फूट उंच, खाली थोडी मातीत पुरायची. पहिले तीन आठवडे जपलं की पुढे ससे फारसे बघत नाहीत. खारी मात्र कुंडीच उकरतात, त्यांना औषध नाही.

सांगलीची_माती
अंबाडीच लावा की मग. भाकरीबरोबर खाता येईल, वकीलसाहेबही खूश.

नवीन_आयडी_२३
मला टोमॅटोबद्दल विचारायचं होतं. पानं खालून पिवळी पडताहेत. इथेच विचारू का नवीन धागा काढू?

तासगावकर
नवीन धागा काढा. फोटो टाका, पानाच्या मागच्या बाजूचाही.

ग्वेल्फकर
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला, कळवतो.

ऑटो घेतलं नाही. रॉकीजवाल्याचं पटतंय, पण गुडघ्याएवढं झाड बघत उन्हाळा काढण्यात मजा नाही. मला मोठंच झाड हवंय. साधी फेमिनाइज्ड (मादी झाडंच येतात ती) जात घेतली, ओंटारियो कॅनबिस स्टोअरमधूनच, पाकीट ४५ डॉलरला. तासगावकरांनी सांगितलेली सप्टेंबरवाली जात बघितली होती, पण हिची काढणी ऑक्टोबरचा पहिला आठवडा लिहिलीय. वर्णनात आंब्याचा वास म्हटलंय, तिथे घसरलो. चारऐवजी तीनच लावणार, म्हणजे मध्ये वारा खेळेल. जमिनीत नाही, कापडी पिशव्यांत, गॅरेजच्या पूर्वेला. तिथे गल्लीतल्या दिव्याचा उजेड पोचत नाही, आणि पावसाचा अंदाज आला की उचलून गॅरेजात ठेवता येतील. पिशव्या, माती, जाळी धरून १३८ झाले. प्लास्टिक घरात पडून आहे.

रॉकीजवाला
छातीएवढं झाड, ओली माती, वीस लिटरची पिशवी. उचलून गॅरेजात. कमरेची काळजी घे.

तासगावकर
पिशवीखाली चाकांची पाटी बसवा, जुन्या ऑफिसच्या खुर्चीची चाकं चालतात. आणि आंब्याचा वास घरात घेऊन जाताय, तेव्हा गॅरेजमध्ये पंखा लावा. बंद गॅरेजात ओलं झाड रात्रभर ठेवलंत तर बाहेर ठेवलेलं बरं. जातीबद्दल आता काही बोलत नाही.

टोरांटोचे_नाना
गॅरेज म्हणजे छप्परच की. म्हणजे शेवटी माझंच ऐकलं.

सुगरणकाकू
आईला सांगितलंत का?

ग्वेल्फकर
काल फोनवर सांगितलं. बाबा दोन मिनिटं गप्प होते. आई म्हणाली, तीनच लावतोयस ना, मग चौथ्या पिशवीत कढीपत्ता लाव, तिकडे केवढा महाग मिळतो.

नवीन_आयडी_२३
ओंटारियोत कढीपत्ता हिवाळ्यात घरात जगतो का? माझा दरवर्षी जानेवारीत झडतो.

सुगरणकाकू
जगतो. हीटरच्या झोतापासून लांब, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पाणी अगदी कमी. झडला तरी उपटू नका, एप्रिलमध्ये परत फुटतो.