फ्लॅश कशाला, दार उघडा
वर एकांनी विचारलंय, ४०० च्या फिल्म रोलवर (४०० म्हणजे आयएसओ, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) चाळीतल्या खोलीत फ्लॅशशिवाय फोटो निघतात का. निघतात की! गिरगावातल्या जुन्या चाळींचे गॅलरीकडे उघडणारे दरवाजे म्हणजे आयता सॉफ्टबॉक्स, स्टुडिओत मऊ उजेडासाठी लावतात तसा. माणसाला उंबरठ्यापासून हातभर आत बसवा, उजेड मोजणारा मीटर चेहऱ्यावर धरा आणि मागची खोली खुशाल काळोखात जाऊ द्या. लेन्सचं छिद्र एफ/२ इतकं मोठं उघडूनही शटरला १/६० सेकंद मिळालं नाही तर एचपी५ किंवा ट्राय-एक्स या ४०० च्या कृष्णधवल फिल्म १६०० ला पुश करा, म्हणजे १६०० ची समजून काढा आणि जास्त वेळ डेव्हलप करून घ्या. ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) वाढतो, सावल्यांतले तपशील जातात. मला ते चालतं. फक्त अख्खा रोल १६०० लाच काढायचा आणि लॅबमध्ये तसं सांगायचं.

रस्त्यावर मात्र मीटरची फारशी गरज नाही. कडक उन्हात एफ/१६ आणि ४०० च्या फिल्मला १/५००, झालं. पण मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा दिसतात. तेव्हा घरी आंबे खावेत.

खरा उजेड पावसाळ्यातला. दाट ढगांखाली छिद्र तीनेक स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), एफ/५.६. सावल्या मऊ, आणि ओल्या रस्त्यावरून उलटा येणारा उजेड छत्रीखालचे चेहरेही उजळवतो. अंदाज चुकलाच तर जास्त उजेडाकडे चुकू द्या, निगेटिव्ह सोसते. स्लाइड फिल्म, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र देणारी, अजिबात सोसत नाही. लेन्स सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली.

पावसात रंगीत रोल कोणी वापरतं का इथे?