मदत हवी आहे: मराठी प्रबंधासाठी लाटेक शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मालवणी बोलीच्या वाक्यरचनेवर पीएचडी करते आहे. प्रबंध मराठीत आहे. विषय मुद्दाम सांगते, कारण माझी अडचण त्यातूनच आली आहे. भाषाविज्ञानात बोलीतलं उदाहरण तीन ओळींत द्यायची पद्धत आहे. वर मूळ वाक्य, खाली शब्दागणिक व्याकरणाची फोड, तिसऱ्या ओळीत अर्थ. उदाहरणार्थ:

माका | गावाक | जावचा | आसा
मी-संप्रदान | गाव-संप्रदान | जा-कृदंत | अस-वर्तमान
'मला गावाला जायचं आहे.'

इथे मी उभ्या रेघा घातल्यात. प्रबंधात त्या नसतात, फोडीतला प्रत्येक तुकडा आपापल्या शब्दाच्या बरोबर खाली यावा लागतो. वर्डमध्ये मी हे टॅब मारून करते. फाँटचा आकार एका अंकाने बदलला की सगळी उदाहरणं सरकतात. शिवाय प्रत्येक उदाहरणाला क्रमांक असतो आणि पुढे 'वर (४३) मध्ये दिसते त्याप्रमाणे' असं लिहायचं असतं. मध्ये एक नवं उदाहरण घातलं की पुढचे सगळे क्रमांक आणि ते उल्लेख हाताने बदलावे लागतात. उदाहरणं शेकड्यांनी आहेत.

आमच्या विभागात सगळे वर्डच वापरतात. गणिताच्या एका सरांनी लाटेकचं (मजकुरात कमांड लिहून छपाईसारखी पानं मांडायची प्रणाली) नाव सुचवलं, पण त्यांचं सगळं काम इंग्रजीत, त्यामुळे मराठीचं त्यांना सांगता येईना. ओव्हरलीफवर (लाटेक ब्राउझरमध्येच चालवायचं संकेतस्थळ) खातं उघडलं. तिथला इंग्रजी नमुना छान चालला. त्यात एक मराठी ओळ घातली तर लाल रंगात 'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक' अशी रांगच लागली आणि पीडीएफमध्ये मराठीच्या जागी काहीच नाही. शोधाशोध केल्यावर जी जुनी उत्तरं मिळाली त्यांत मराठी रोमन अक्षरांत टंकायचं आणि मग एका वेगळ्या प्रोग्रॅममधून काढायचं असं सांगितलंय. आख्खा प्रबंध तसा लिहिणं मला शक्य नाही. आजही तेच करावं लागतं का?

उच्चार दाखवायला आयपीएची (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची) चिन्हंही लागतात. 'चार' मधला च आणि 'चोर' मधला च वेगळा दाखवायचा आहे. संदर्भसूचीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही ग्रंथ आहेत. मार्गदर्शक बाई वर्डच्या फाइलीतच दुरुस्त्या करून पाठवतात. प्रोग्रामिंग मी कधी केलेलं नाही. आणि प्रबंधाचं लेखन थांबवून शिकत बसावं एवढी मुदतही हातात नाही, लिहिता लिहिताच शिकावं लागेल.

ज्या बायकांनी शेतीची कामं बाजूला ठेवून तासन्‌तास मला वाक्यं सांगितली, त्यांचं बोलणं छापताना एक मात्रासुद्धा इकडची तिकडे झालेली मला चालणार नाही. म्हणून विचारते. पुस्तकांची यादी नको, आधी काय आणि नंतर काय एवढं सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या लाल ओळींचं कारण सोपं आहे. ओव्हरलीफवर प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये 'कंपायलर' असा पर्याय दिसेल. तिथे पीडीएफलाटेक असेल, ते बदलून झीलाटेक करा.

कनूथ यांनी १९७८ च्या सुमारास टेक बनवलं ते स्वतःच्या पुस्तकाची गणितं नीट छापली जात नव्हती म्हणून, आणि लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारलं तेही युनिकोडच्या आधी. देवनागरीची सोय तेव्हा बाहेरून जोडावी लागे. तुम्हाला सापडलेली ती रोमन टंकलेखनाची पद्धत १९९१ च्या सुमाराची, फ्रान्स वेल्थाउस या डच अभ्यासकाची. त्या काळात संस्कृतच्या अभ्यासकांचं फार मोठं काम तिने केलं. आता तिची गरज नाही. जोनाथन क्यू यांचं झीटेक (झीलाटेक यावरच चालतं) २००४ मध्ये आलं, ते युनिकोड सरळ वाचतं आणि संगणकावरचा कुठलाही फाँट घेतं. तुम्ही इथे टंकताय तशीच मराठी फाइलीत टंका.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत अर्थातच रोमन. पहिली ओळ डॉक्युमेंटक्लास, महिरपी कंसात रिपोर्ट. दुसरी यूजपॅकेज, कंसात फाँटस्पेक. तिसरी सेटमेनफाँट, कंसात शोभिका, आणि त्यापुढे चौकटी कंसात 'स्क्रिप्ट बरोबर देवनागरी, लँग्वेज बरोबर मराठी'. मग बिगिन डॉक्युमेंट, तुमचा मजकूर, एंड डॉक्युमेंट. प्रत्येक कमांडच्या आधी बॅकस्लॅश. एवढ्यावर पहिलं पान निघतं. शोभिका हा आयआयटी मुंबईचा मोफत फाँट आहे, टेकलाइव्हबरोबर (लाटेकचा मोफत संच) येतो, त्यामुळे ओव्हरलीफवर वेगळा चढवावा लागत नाही.

चौकटी कंसातलं स्क्रिप्ट गाळू नका. ते नसलं तर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. बरेच जण इथेच 'लाटेकमध्ये मराठी होत नाही' म्हणून सोडून देतात.

चूक आली तर फक्त पहिली वाचा. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्याखाली ओळीचा क्रमांक असतो. पुढच्या वीस चुका बहुतेक वेळा त्या एकीतूनच आलेल्या असतात. मजकुरात टक्क्याचं चिन्ह, अँपरसँड, हॅश, अंडरस्कोअर किंवा डॉलर आलं तर त्याआधी बॅकस्लॅश द्या. टक्क्याचं विशेष सांभाळा, कारण ते चूक दाखवत नाही, त्या ओळीतला पुढचा सगळा मजकूर गुपचूप गायब करतं.

प्रतिसाद २

भाषाविज्ञानातच काम करते, म्हणून फक्त उदाहरणांबद्दल लिहिते. तुमच्या तीन ओळींसाठी जीबी४ई नावाचं पॅकेज (लाटेकला जास्तीची सोय देणारी जोडणी) आहे. एग्झे या परिसरात (म्हणजे बिगिन एग्झे आणि एंड एग्झे यांच्यामध्ये) 'ईएक्स' लिहायचं, मग 'जीएलएल', आणि पुढे पहिली ओळ: माका गावाक जावचा आसा. दोन बॅकस्लॅश. मग फोडीची ओळ, पुन्हा दोन बॅकस्लॅश. शेवटी 'जीएलटी' आणि अर्थ. शब्दांमध्ये एक मोकळी जागा सोडली की पुरे, कोणाखाली काय येणार ते पॅकेज बघतं. पहिल्या ओळीत चार शब्द असतील तर दुसरीतही चारच तुकडे हवेत. दोन शब्दांना मिळून एकच फोड असेल तर ते दोन शब्द महिरपी कंसात घाला. फाँट लहान करा, मोठा करा, काही सरकत नाही. वाक्य लांब असेल आणि ओळीत मावलं नाही तर फोडीसकट खाली मोडतं. वर्डमध्ये मला हे कधीच जमलं नव्हतं.

क्रमांकासाठी 'ईएक्स' नंतर लेबल द्या, नाव तुमच्या लक्षात राहील असं, आणि मजकुरात जिथे उल्लेख हवा तिथे 'रेफ' ही कमांड, कंसात तेच नाव. लेबलला 'उदा-४३' असं नाव देऊ नका, क्रमांक बदलणारच आहे. 'जावचा-संप्रदान' अशासारखं आशयाचं नाव (रोमनमध्ये) द्या. स्वतःच्या संगणकावर करत असाल तर उल्लेख जुळायला फाइल दोनदा चालवावी लागते, नाहीतर क्रमांकाऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. ओव्हरलीफ ते आपोआप करतं.

जीबी४ई सगळ्या पॅकेजांच्या शेवटी ठेवा आणि लगेच खाली 'नोऑटोमॅथ' ही कमांड द्या. ते पॅकेज अंडरस्कोअर आणि वरच्या टोपीच्या चिन्हाचा अर्थ बदलतं, त्यातून इतर पॅकेजांशी भांडणं होतात आणि चूक दाखवणारा संदेश भलत्याच ठिकाणचा येतो.

आयपीएसाठी टिपा नावाचं पॅकेज सुचवतील, ते जुन्या पद्धतीचं आहे. झीलाटेकमध्ये चिन्हं सरळ युनिकोडमध्ये टंका, फक्त त्यांच्यासाठी वेगळा फाँट द्या. चारिस एसआयएल मोफत आहे. त्याची फाइल प्रकल्पात अपलोड करायची आणि 'न्यूफाँटफॅमिली' ने त्याला एक छोटं नाव द्यायचं.

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं सांगतो. वर्डमध्येही आपोआप क्रमांक आणि परस्पर-उल्लेख आहेत, आणि तीन ओळींसाठी रेघा नसलेला तक्ता वापरता येतो. प्रबंध सहा महिन्यांत द्यायचा असेल आणि मार्गदर्शक वर्डच मागणार असतील तर मी नवं काही हातात घेणार नाही. लाटेक वाईट आहे असं म्हणणं नाही, पण मुदतीच्या तोंडावर साधन बदलणं जोखमीचं. मुदत किती आहे ते आधी सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, मुदत वर्षभराहून जास्त आहे. तक्त्याचा उपाय करून पाहिला आहे. लांब वाक्य आलं की तक्ता समासाबाहेर जातो आणि तो हाताने दोन तक्त्यांत तोडावा लागतो, म्हणूनच इकडे वळले.

झीलाटेक केलं आणि मराठी आली! प्रतिसाद १, तुम्ही सांगितलेल्या तीन ओळींतच आली. 'माका गावाक जावचा आसा' फोडीसकट ओळीत बसलेलं पाहिलं आणि फार बरं वाटलं. त्याच्यावर एक नवं उदाहरण घातलं तर खालचा क्रमांक आणि मजकुरातला उल्लेख दोन्ही बदलले.

आता दोन गोष्टी राहिल्या. बाईंच्या वर्डचं काय करायचं, आणि संदर्भसूची.

प्रतिसाद १

वर्डसाठी पॅनडॉक बघा. मोफत आहे, लाटेकच्या फाइलीवरून वर्डची फाइल करतं. मथळे, परिच्छेद, तळटिपा नीट जातात, तीन ओळींची उदाहरणं मात्र डोळ्यांखालून घाला. बाईंना विचारून पाहा, पीडीएफवर टिपणं देणं चालत असेल तर तो मार्ग जास्त सरळ. त्यांच्या दुरुस्त्या तुमच्या मूळ फाइलीत तुम्हालाच घालायच्या आहेत, दोन्ही पद्धतींत तेवढं काम सारखंच.

प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत ठेवा आणि मुख्य फाइलीतून इन्क्लूडने बोलवा. ओव्हरलीफच्या मोफत खात्यात फाइल चालवायला वेळेची मर्यादा आहे, प्रबंध वाढला की ती आड येईल. तेव्हा इन्क्लूडओन्लीने एकच प्रकरण चालवा, बाकीच्यांचे क्रमांक टिकतात. पुढे कधीतरी टेकलाइव्ह स्वतःच्या संगणकावर घ्या. काही जीबी जागा खातं, पण मग नेट नसलं तरी काम अडत नाही. कोकणात पावसाळ्यात हे महत्त्वाचं.

प्रतिसाद ४

प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जाणार, शिवाय वाङ्मयचौर्य तपासणीला जाणार. त्यासाठी पीडीएफमधला मजकूर नुसता दिसायला बरोबर असून भागत नाही, कॉपी केल्यावरही बरोबर यायला हवा. तुमच्या पीडीएफमधून 'विद्यार्थिनी' शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली येण्याची शक्यता बरीच आहे. झीटेकमध्ये यासाठी एक कळ आहे: सुरुवातीला 'झीटेकजनरेटअॅक्च्युअलटेक्स्ट बरोबर १' असं लिहा (आकडा इंग्रजी, नावातल्या झीटेकमधली एक्स, टी, एक्स ही अक्षरं मोठी). मग प्रत्येक शब्दामागे त्याचा मूळ युनिकोड मजकूर ठेवला जातो आणि शोध, कॉपी दोन्ही चालतात. इतक्या कष्टाने गोळा केलेली मालवणी वाक्यं उद्या कुणाला शोधता आली पाहिजेत, म्हणून हे पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि प्रतिसाद १ ने सांगितलेलं 'लँग्वेज बरोबर मराठी' नुसतं शोभेचं नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मान्य केली होती. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात तो या सूचनेवरून मराठी वळण उचलतो.

प्रतिसाद २

संदर्भसूचीसाठी बिबलाटेक हे पॅकेज आणि त्याच्याबरोबर नोंदींचा क्रम लावणारा बायबर हा प्रोग्रॅम. जुनं बिबटेक घेऊ नका, त्याला युनिकोडचा क्रम लावता येत नाही. नोंदी झोटेरोत (संदर्भ साठवायचा मोफत प्रोग्रॅम) ठेवा आणि तिथून बिबलाटेकच्या रूपात काढा. लेखकाचं नाव 'आडनाव, नाव' असंच, मध्ये स्वल्पविराम देऊन. तारखेच्या रकान्यात आकडे इंग्रजी ठेवा, देवनागरी आकडे तिथे तारीख म्हणून ओळखले जात नाहीत.

मराठी आणि इंग्रजी ग्रंथ एकाच यादीत मिसळू नका. प्रत्येक नोंदीला कीवर्ड द्या, एकांना मराठी, दुसऱ्यांना इंग्रजी, आणि प्रिंटबिब्लिओग्राफी दोनदा लिहून दोन याद्या काढा. मराठी यादीचा वर्णक्रम लागण्यासाठी पॅकेजच्या पर्यायांत 'सॉर्टलोकेल बरोबर एमआर'. यादी आली की क्ष आणि ज्ञ कुठे बसलेत ते एकदा तपासा. युनिकोडच्या मूळ क्रमात ते क आणि ज यांच्याखाली येतात, आपल्याकडच्या काही कोशांत शेवटी. तुमच्या विद्यापीठाला कुठला क्रम चालतो ते बाईंना विचारून घ्या. शेवटी हवे असतील तर त्या नोंदींना सॉर्टनेम नावाचा रकाना देऊन जागा बदलता येते.