कोलकाता-दिल्ली परत येताना फ्युएल कमी पडतंय, ए३२०

सातारचा_पायलट:
मंडळी मदत करा. एमएसएफएसमधे (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, कॉम्प्युटरवरचा विमान उडवायचा गेम) फ्लायबायवायर या ग्रुपनं बनवलेलं ए३२० विमान उडवतो, लाइव्ह वेदर म्हणजे खरं चालू हवामान लावलेलं असतं. काल दिल्लीहून कोलकात्याला मस्त गेलो, वारा पाठीशी, चार टनांत ट्रिप झाली. तिथे परत टाकी ७ टन केली आणि निघालो तर वाराणसी ओलांडल्यावर एफएमजीसी (विमानातला कॉम्प्युटर) म्हणतंय दिल्लीला रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव फ्युएलच्या खाली पोचशील, शेवटी लखनौला उतरलो. अंतर तर तेच ना, ७०० नॉटिकल मैल? मग चुकतंय कुठे?

उत्तरवारा:
जमिनीवरचं अंतर तेच रे, हवेतलं नाही. जानेवारीत उत्तर भारतावर जेट स्ट्रीम म्हणजे उंचावरचा जोरदार वारा असतो, पश्चिमेकडून, ३४-३८ हजार फुटांवर १०० नॉट (तासाला १०० नॉटिकल मैल) सहज मिळतात. तुझा टीएएस, म्हणजे हवेतला वेग, ४५० धर. जाताना ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबानं वेग) ५५०, म्हणजे ७६ मिनिटं, येताना ३५०, म्हणजे १२०. ४४ मिनिटं जास्त आणि ए३२० तासाला साधारण २४०० किलो खातं, झाले की पावणेदोन टन. आणि जाताना वाचतं तेवढंच येताना जातं असंही नाही, वारा नसता तर ९३ मिनिटं लागली असती, म्हणजे १७ वाचली आणि २७ गेली.

कॉकपिट_काका:
सिमब्रीफवर (फ्लाइट प्लॅन काढायची साइट) प्रत्येक लेगचा, म्हणजे जायचा-यायचा, वेगळा ओएफपी (फ्लाइट प्लॅन) काढ बाळा, निघायची वेळ खरी टाकून. त्यात अ‍ॅव्हरेज विंड कंपोनंट, म्हणजे सरासरी समोरून-पाठून किती वारा ते बघायचं, एम म्हणजे समोरून, पी म्हणजे पाठून. ते वारे एफएमजीसीत पण भर, नाहीतर ते पुढे वाराच नाही असं धरून हिशोब सुरू करतं, म्हणून तुला इतक्या उशिरा कळलं. समोरून फार वारा असेल तर एफएल ३६० (फ्लाइट लेव्हल, म्हणजे ३६ हजार फूट) ऐवजी ३२० किंवा २८० टाकूनही प्लॅन काढून बघ, खाली बर्न म्हणजे फ्युएलचा खप वाढतो पण कधीकधी वारा इतका कमी असतो की परवडतं. आणि या दिवसांत अल्टरनेट (दिल्लीला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ) लखनौ नको, दिल्लीत धुकं असलं की तिथेही असतं बऱ्याचदा, जयपूरचा मेटार (विमानतळाचा हवामान रिपोर्ट) बघून ते घे.

सातारचा_पायलट:
काका, उत्तरवारा, खूप आभार!! आत्ता प्लॅन काढला, एम ०९२ दाखवतंय, म्हणजे ९२ नॉट समोरून. ट्रिप ६ टन, कंटिन्जन्सी (अनपेक्षित गरजेसाठी) ३०० किलो, जयपूरला जायला १३००, फायनल रिझर्व्ह ११००, टॅक्सी (जमिनीवर चालवायला) २००, ब्लॉक म्हणजे एकूण ८.९ टन. काल मी ७ वर निघालो होतो. रात्री जेवण झालं की परत कोलकात्याहून निघतो, एफएल ३२० वर.