मदत हवी आहे: खोल समुद्रातील वायुवाहिनीसाठी ग्लायकॉलची मात्रा
नागपूरला केमिकल अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही कृष्णा-गोदावरी खोऱ्यासारख्या खोल समुद्रातील वायुवाहिनीचे गणित मांडत आहोत. तळाचे तापमान ५ अंश सेल्सिअस आणि दाब १५० बार गृहीत धरल्यास हायड्रेट (पाणी आणि वायू मिळून बनणारे बर्फासारखे स्फटिक) साचून वाहिनी तुंबण्याचा धोका उघड दिसतो. रोधक मिसळल्यावर हायड्रेट बनण्याचे तापमान किती खाली येते ते सांगणाऱ्या हॅमरश्मिट समीकरणाने मोनोइथिलीन ग्लायकॉल या हायड्रेट-रोधकाची मात्रा काढली आहे. मात्र वायूबरोबर येणाऱ्या पाण्यातील क्षारही हायड्रेटला आळा घालतात, आणि त्यांचा हिशेब त्यात धरलेला नाही. मिथेनॉल हाही रोधकाचा पर्याय होता, पण त्याचा बराच भाग वायूत निघून जातो, म्हणून ते वगळले. सशुल्क सॉफ्टवेअर (विद्यार्थ्यांना परवडणारे नाहीच) उपलब्ध नाही. क्षार आणि ग्लायकॉल यांच्या परिणामांची सरळ बेरीज चालेल का, की त्यासाठी हाताने करता येण्याजोगी वेगळी पद्धत आहे? शिवाय मात्रा ठरवताना दाब चालू प्रवाहाचा घ्यावा की उत्पादन बंद पडल्यानंतरचा?